दसऱ्याला घासून काढलेला हौद

कारखान्याची पुढची बाजू सगळ्यांनी पाहिलेली असते. मोठं फाटक, कडक इस्त्रीतला वॉचमन, हिरवळ, आणि पाहुणे आले की तेवढ्यापुरतं उडणारं कारंजं. माझी उभी नोकरी मागच्या बाजूला गेली. तिथं धुराडी, राखेचे ढीग, रिकामे ड्रम आणि सांडपाण्याचे हौद. पाहुण्यांना तिकडे नेत नाहीत. चुकून कोणी गेलंच तर नाकाला रुमाल लावून आल्या पावली परततं. मी रोज तिकडे जायचे, आणि डबाही तिकडेच बसून खायचे.

आमच्या कंपनीचं वर्धा जिल्ह्यात बरंच मोठं बस्तान आहे. अल्लीपूरच्या रस्त्याला सूत आणि कापडाची गिरणी, तिला लागून रंगखातं. आर्वीला सोयाबीनचं तेल काढायचा कारखाना. हिंगणीकडे, जंगलाच्या कडेला, साहेब लोकांच्या पाहुण्यांसाठी बंगला. या सगळ्या पसाऱ्यापायी हवेचं, पाण्याचं, मातीचं जे काही वाटोळं होऊ शकतं ते होऊ न देणं, हे माझं काम. हुद्द्याचं नाव पर्यावरण व्यवस्थापक. आर्वीला आमचं कापडाचं दुकान होतं; माझे वडील गिऱ्हाइकांना शेवटपर्यंत सांगत राहिले की पोरगी कंपनीत झाडं लावते. मी दोन-चारदा समजावून पाहिलं, मग नाद सोडला. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. पर्यावरण दिनाला साहेब रोप लावायचे, फोटो निघायचा, आणि नंतर त्या रोपाला पाणी घालायला मी एकटी उरायचे.

काम समजायला सोपं आहे. कारखान्यात जे आत जातं ते सगळं कुठून ना कुठून बाहेर येतं. कापूस, रंग, मीठ, कोळसा, पाणी आत गेलं. पुढच्या दारानं कापड बाहेर पडलं. मग बाकीचं कुठं गेलं? काही धूर होऊन वर गेलं, काही राख होऊन ढिगात गेलं, आणि बरंचसं पाण्यात मिसळून नाल्याकडे निघालं. कापडावर लक्ष ठेवायला कंपनीत खोल्या भरून माणसं होती. बाकीच्यावर मी. त्यामुळे मला कोणी आवडीनं चहाला बोलवायचं नाही. मी दिसले की लोकांना वाटायचं, आली बापा, आता काहीतरी बंद करायला लावते. माझं तोंडही जरा तिखटच आहे, ते मी नाकारत नाही.

आर्वीच्या तेलाच्या कारखान्याजवळ एक निवृत्त गुरुजी राहायचे. वास येतो म्हणून त्यांचा मला सारखा फोन यायचा. कारखान्यातले लोक म्हणायचे, मॅडम, म्हातारा रिकामा आहे, मनावर घेऊ नका. मी एक दिवस जाऊन त्यांच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. गुरुजींनी चहा दिला, मुलाच्या लग्नापासून सुनेच्या बदलीपर्यंत सगळं सांगितलं, आणि मध्येच बोट वर करून म्हणाले, "आला." खरंच आला. कुजलेल्या डाळीसारखा, घशात बसणारा. जाऊन पाहते तर आमचे बहाद्दर पाळी बदलायच्या वेळी वाफ गार करणारा पंप बंद करून चहाला जायचे. वाफ मोकळी सुटायची आणि वाऱ्यावर बसून थेट गुरुजींच्या अंगणात उतरायची. मी पंपावर माणूस बसवला, चहा जागेवर द्यायला लावला. थोड्या दिवसांनी गुरुजींचा परत फोन. मी म्हटलं, आता काय? तर म्हणाले, वास येतच नाही, कंपनी बंद तर नाही पडली? आमचा नातू तिथं लागलाय.

हिंगणीच्या बंगल्याचं वेगळंच. मोठ्या साहेबांना तिथल्या हिरवळीवर रात्रभर जळणारे झगझगीत दिवे हवे होते. मी नियम दाखवले, जनावरं बुजतात म्हणून सांगितलं, बोर धरणाकडून येणाऱ्या पाखरांचं सांगितलं. साहेबांना ती सगळी भाकडकथा वाटली. काही उपयोग झाला नाही. शेवटी मी एवढंच म्हटलं की जंगलाच्या कडेला इतका उजेड केला की पाहुण्यांच्या ताटात किडे पडतात. दिवे लगेच उतरले. तत्त्वापेक्षा आमटीनं काम होत असेल तर मी आमटी वापरते.

पण मला खरं सांगायचं आहे ते गिरणीतल्या एका दसऱ्याबद्दल. त्यासाठी आधी पार्वताबाई सांगावी लागेल.

गिरणीत रुजू झाले तेव्हा सुरुवातीलाच मी एक उद्योग केला. आमचं पाणी ज्या नाल्यात पडतं त्या नाल्याच्या काठाकाठानं चालत निघाले. पाणी कुठून येतं हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते पुढं कुठं जातं असं विचारलं की लोक हात हलवून म्हणायचे, तिकडं, खाली. खाली एक गाव निघालं. गावाच्या अलीकडे नाल्यातून एक पाट फुटून तळ्यात जात होता, आणि तळं पानांनी झाकलेलं होतं. ते शिंगाड्याचे वेल. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची काही घरं ते तळं ठेक्यानं घेऊन शिंगाडा लावायची. पावसाळ्यात वेल लावायचे, दसऱ्याच्या सुमाराला तोडा सुरू करायचा, तो थंडीपर्यंत चालायचा. ट्रकच्या टायरमधली ट्यूब फुगवून तिच्यावर बसायचं, नाहीतर कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, आणि पानं उलटी करून एकेक फळ तोडायचं. काटे बोटात मोडतात. हिंगणघाटच्या बसस्टँडवर आपण पुडीतून उकडलेले काळे शिंगाडे खातो ते असे आलेले असतात.

त्या बायकांची पुढारी पार्वताबाई. वयानं माझ्याहून मोठी, अंगानं बारीक, बोलायला एकदम सरळ. मी कंपनीची म्हणून ओळख सांगितली तेव्हा ती पाण्यातच उभी होती. तिथूनच म्हणाली, "तुमचं पानी तं रोज येते आमच्याकडं. तुम्ही काऊन नाई येत?"

 तेव्हापासून मी जात राहिले. माझ्या आधीच्या काळात एकदा नाल्याला लाल पाणी आलं होतं आणि त्या वर्षी सगळे वेल सडले, हे मला तिच्याकडूनच कळलं. त्या हंगामात यांच्या घरची पोरं शाळा सोडून विटाभट्टीवर गेली होती. मी तिला शब्द दिला की आमच्याकडं काही बिघडलं तर तुम्हाला पाणी पाहून कळायची वेळ येणार नाही, पाण्याच्या आधी मी येऊन सांगेन. तिनं "हाव" म्हणून मान हलवली आणि ती कामाला लागली. तिनं तो शब्द किती मनावर घेतला हे मला तेव्हा समजलं नाही.

आता हौदाचं सांगते. सांडपाणी साफ करायच्या सगळ्या व्यवस्थेला कारखान्यात ईटीपी म्हणतात. तिचा जीव असतो हवेच्या हौदात. रंगखात्याचं पाणी आधी औषध टाकून रंग उतरवून घेतात आणि मग या हौदात सोडतात. हौदात तपकिरी गाळ असतो आणि खालून सतत हवेचे बुडबुडे येत असतात. पाहणाऱ्याला ती नुसती घाण वाटते, पण तो गाळ म्हणजे जिवंत जिवाणू असतात. पाण्यातली सुताला लावलेली कांजी, साबण, तेल, जे काही कुजण्यासारखं असतं ते हे खाऊन टाकतात आणि पाणी निवळतं. घरातल्या विरजणासारखं समजा. विरजण जपून ठेवलं तर रोज दही लागतं. भांडं घासून विरजणच टाकून दिलं तर दुसऱ्या दिवशी नुसतं दूध नासतं.

या हौदावर गजानन नावाचा फोरमन नुकताच बॉयलरवरून बदलून आला होता. बॉयलरमध्ये गाळ म्हणजे वैरी. तिथं दर वर्षी आतून खरवडून, घासून सगळं लखलखीत केलं नाही तर बॉयलर फुटायची भीती. त्या शिस्तीत त्याची अर्धी हयात गेलेली. आमच्याकडचे पंप, मीटर, औषधं त्यानं चटकन शिकून घेतली. त्याला एकच गोष्ट टोचायची. बाकीच्या खात्यातले लोक आम्हाला गटारवाले म्हणायचे. मला काही वाटायचं नाही, मी उलट दोन शब्द ऐकवून मोकळी व्हायचे. गजानन मात्र घरी गेल्यावरही तेच घेऊन बसायचा, असं त्याची बायको मला सांगायची.

त्या वर्षी दुबे साहेबांनी स्पर्धा जाहीर केली. दुबे साहेब म्हणजे गिरणीचे प्रमुख. मूळचे जबलपूरचे, मराठी छान बोलायचे आणि रागावले की हिंदीत शिरायचे. नवमीला आपल्याकडे यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी गिरणी थांबते, पान्यापासून मागापर्यंत सगळं धुऊन पुसून हळद-कुंकू लावतात. साहेबांनी ठरवलं, यंदा सगळ्यात स्वच्छ खात्याला बक्षीस. मी तेव्हा आर्वीला होते. तिकडे तेलाचा हंगाम सुरू होत होता, आणि दसराही माहेरीच करायचं ठरलं होतं. नवमीला सकाळी गजाननचा फोन आला. म्हणाला, मॅडम, यंदा आपली जागा अशी करतो का लोक पाहतच राहतीन. मी म्हटलं, कर बावा. मला वाटलं, काठाला चुना मारेल, पायऱ्या धुवेल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गिरणीत आले. हौदात हवा सोडणाऱ्या ब्लोअरला झेंडूचा हार, काठाला पांढराशुभ्र चुना, पायरीवर रांगोळी, कठड्यावर आपट्याची पानं. आणि हौदात पाणी. स्वच्छ, बोअरचं, आरपार दिसणारं. तळाच्या हवेच्या नळ्या वरून मोजता आल्या असत्या. गजानन नवा शर्ट घालून उभा होता.

"तळ दिसून राह्यला, मॅडम," तो म्हणाला. "पहिलं बक्षीस आपल्यालेच भेटलं."

मी विचारलं, गाळ कुठं आहे? तो म्हणाला, वाळवणीच्या वाफ्यावर टाकला, सगळा, कणभर ठेवला नाही, ब्रशनं घासून काढला. मी तिथंच पायरीवर रांगोळीत बसले.  मग त्याला विरजणाची गोष्ट सांगितली, जी तो बॉयलरवरून आला त्याच दिवशी मी सांगायला हवी होती. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मला त्याचा राग आला आणि त्याची कीवही तेवढीच आली. बक्षीस म्हणून स्टीलचा मोठा कॅसरोल मिळाला होता. दुबे साहेब हसत हसत गजाननला कॅसरोल देताहेत आणि मागं हौद चमकतोय, असा फोटो कंपनीच्या ग्रुपवर पडला होता. मुंबईच्या ऑफिसातून त्याला अंगठेही आले होते.

दुसऱ्या दिवशी रंगखातं सुरू होणार होतं. हौद मेलेला. आणि खाली पार्वताबाईचा तोडा नुकता सुरू झालेला. मी सरळ साहेबांच्या खोलीत गेले.

साहेब आधी हसले, मग त्यांना गांभीर्य कळलं, आणि मग त्यांनी तोड काढली. औषध जास्त टाका, रंग पुरता उतरवा, पाणी पांढरं दिसलं की सोडून द्या. गाळ काय, होईल हळूहळू. मी म्हटलं, रंग जाईल पण कांजी आणि साबण तसाच राहील. ते पाणी तळ्यात जाऊन कुजेल, पाण्यातली हवा संपेल, वेलांची मुळं सडतील. साहेब म्हणाले, "गाँव को रंग दिखता है, मॅडम. रंग नहीं तो शिकायत नहीं."

त्यांच्या म्हणण्यात खोटं काहीच नव्हतं. पाणी पांढरं असतं तर पार्वताबाईनं सडलेले वेल पाहून किडीला दोष दिला असता, नाहीतर नशिबाला. आमच्याकडं बोट दाखवायला तिला जागाच उरली नसती. मला तेच सहन होईना. मी साहेबांना त्या फोटोची आठवण करून दिली. उद्या कोणी तपासणीला आलं तर हौद रिकामा केल्याचं बक्षीस कोणी दिलं हे त्यात स्पष्ट दिसतं, एवढंच म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग कपाळावर हात मारून घेतला. आठवडाभर रंगखातं बंद ठेवायला तयार झाले. तिथल्या ठेकेदारीच्या माणसांना रिकामं घरी धाडू नका, यंत्रांची रखडलेली दुरुस्ती काढा, हेही मी कबूल करून घेतलं.

मग आमची धावपळ सुरू झाली. वाफ्यावरचा गाळ वरून वाळून पापडी झाला होता, पण खोदल्यावर तळाला ओला लागला. काळा, वास मारणारा, तरी ओला. तो पाट्यांनी भरून परत हौदात टाकला. आर्वीच्या आमच्याच कारखान्याच्या हौदातून टँकर भरून आणला, पण ते जिवाणू तेलावर पोसलेले, त्यांना कांजीची सवय नाही. शेणकाला केला, गूळ विरघळवून टाकला. जे लोक गटारवाले म्हणायचे ते आता विचारायला लागले की मॅडम, हौदाचं बाळंतपण कसं चाललंय. गजाननला हसू येत नव्हतं. तो हौदाच्या पायरीखाली चप्पल काढून वर जायला लागला. कॅसरोल त्यानं माझ्या टेबलावर आणून ठेवला, मी परत त्याच्या घरी पाठवला. त्यात कॅसरोलचा काय दोष.

हौद जगतोय का हे पाहायची साधी रीत आहे. काचेच्या उंच भांड्यात हौदातलं पाणी घ्यायचं आणि हलवायचं नाही. गाळ जड होऊन खाली बसला आणि वर नितळ पाणी राहिलं, तर काम झालं. आमचा गाळ खाली बसेचना, सरकीवरच्या तुसासारखा तरंगत राहायचा. वासही अजून नासकाच होता. आठवडा सरला. तिकडे गिऱ्हाइकाचे फोन सुरू झाले. साहेबांनी बोलावून सांगितलं, उद्या अर्धं रंगखातं सुरू करतो. मी म्हटलं, हौद तयार नाही. ते म्हणाले, कब होगा? मी म्हटलं, सांगता येत नाही. हे उत्तर कुठल्याही साहेबाला आवडत नाही, मला स्वतःलाही आवडत नव्हतं.

तेव्हा मला एक युक्ती सुचली, आणि खरं सांगते, मी स्वतःवर खूश झाले. तळं पावसानं काठोकाठ भरलेलं होतं. नाल्यातून तळ्यात येणारा पाट मातीनं बांधून घेतला तर आमचं पाणी तळ्यात शिरणारच नाही, सरळ नाल्यानं पुढं जाईल. शिंगाडा वाचेल, ऑर्डर वाचेल, शब्दही पाळला जाईल. कंपनीतल्या कोणाला कळलं असतं तर घरचं भांडण चव्हाट्यावर नेलं म्हणून माझ्यावर तुटून पडले असते. मी कोणाला न सांगता गाडी काढली आणि तळ्यावर गेले.

ऐन दुपार होती. बायका ट्यूबवर बसून तोडत होत्या, काठावर हिरव्या शिंगाड्यांचे ढीग पडले होते. मी पार्वताबाईला काठावर बोलावून सगळं सांगितलं. दसऱ्याला हौद घासला हे ऐकून ती आधी हसली. म्हणाली, मंग दसऱ्याले घासन नाई तं कवा घासन, त्याची काय चूक. मग मी पाट बांधायचं सांगितलं. ती बोटातला काटा काढत ऐकत होती. पाट बांधायला काही अवघड नाही, सकाळी बांधून होईल, असं म्हणाली. मला हायसं वाटलं.

मग तिनं विचारलं, "मंग ते पानी जाईन कुठं?"

मी म्हटलं, पुढं. नाल्यानं नदीकडं.

"पुढं बी लोक हायेत ना, ताई. ढोरं पेतात तिथं. आम्हाले तं तुम्ही सांगाले आल्या. त्याइले कोन सांगन?"

मी सांगायला लागले की पुढं नाल्यात आणखी पाणी मिसळतं, तितका त्रास होणार नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, हेच शब्द मला साहेबांनी ऐकवले असते तर मी त्यांना सोडलं नसतं. पार्वताबाई भांडली नाही, की ताणून बोलली नाही. म्हणाली, तुम्ही सांगान तवा बांधतो पाट, पन मंग त्या गावाले बी जा, अन् त्याच्या पुढच्याले बी. आणि परत पाण्यात उतरली. ठरवायचं तिनं माझ्यावर ठेवलं होतं.

परतताना मला राग आला. आधी तिचा आला, एवढं चांगलं सुचवलं तर ही नदीपर्यंतचं घेऊन बसली. गिरणी जवळ येईपर्यंत तो स्वतःवर उलटला. मी तळ्यापर्यंत चालत गेले होते आणि तिथंच थांबले होते. खाली म्हणजे इथवरच, असं मीही धरून चालले होते. मला लाज वाटली, साधी सरळ लाज.

साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा ते गिऱ्हाइकाशीच फोनवर बोलत होते. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, रंगखातं सुरू करायचं असेल तर करा. पण पाणी सोडायच्या आधी मी इथून नदीपर्यंत नाल्याकाठच्या प्रत्येक गावात जाऊन सांगणार आहे की काय येतंय आणि का येतंय. मला गाडी आणि ड्रायव्हर लागेल.

साहेब उभे राहिले. "आप कंपनी की हैं या गाँव की?"

"कंपनीची," मी म्हटलं. "पाणी कंपनीचं आहे, साहेब. सांगायला गावच्या कोणाला पाठवू?"

ते खिडकीपाशी गेले. मला वाटलं, आता मला घरी पाठवतात. तशी तयारी ठेवूनच मी बोलले होते.   मग ते परत टेबलाशी आले, फोन उचलला, आणि माझ्यासमोर गिऱ्हाइकाला सांगितलं की अर्धा माल दुसरीकडून रंगवून घ्या, आमच्याकडं अडचण आहे. फोन ठेवून म्हणाले, जा, हौद पाहा. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पण पाणी सुटलं नाही, हे मी त्यांच्या नावावर मांडते.

याची किंमत मी भरली नाही, हेही लिहायला हवं. ते गिऱ्हाईक पूर्वीइतकं काम घेऊन परत आलंच नाही. दुरुस्तीचं काम संपलं, आणि रंगखात्यातल्या ठेकेदारीच्या पोरांचे दिवाळीच्या तोंडावरचे खाडे पडले. त्यातला एक मला फाटकापाशी म्हणाला की मॅडमच्या किड्यांपायी आमची दिवाळी गेली. एरवी मी कोणाचं ऐकून घेत नाही. त्याचं घेतलं. 

पुढं एका सकाळी गजानन ते काचेचं भांडं दोन्ही हातांनी धरून, पाणी हलू न देता, माझ्या खोलीपर्यंत चालत आला. गाळ खाली बसला होता. वर नितळ पाणी. मी हौदावर जाऊन आधी वास घेतला. नासका वास गेला होता, नांगरलेल्या वावरासारखा येत होता. मी गजाननच्या पाठीवर थाप मारली आणि त्यानं डोळे पुसले. अजूनही नवमीला आमच्याकडं पूजा होते, पण हळद-कुंकू कठड्याला लागतं, हौदाला हात कोणी लावत नाही. नवा माणूस आला की गजानन त्याला आधी पायरीपाशी उभा करून अर्धा तास बोलतो. माझ्यापेक्षा तो कडक झालाय.

रंगखातं हळूहळू सुरू केलं, पाणी तपासलं, परत तपासलं, आणि मग सोडायचं ठरवलं. त्या दिवशी मी गजाननला बरोबर घेतलं. तो इतकी वर्षं गिरणीत होता पण नाल्यानं खाली कधी गेलेला नव्हता. आम्ही पाण्याच्या आधी तळ्यावर पोचलो. पाट उघडाच होता. मातीचं एक ढेकूळसुद्धा आडवं टाकलेलं नव्हतं. इतके दिवस, ऐन तोड्यात, पाट तसाच. मी पार्वताबाईला विचारलं, बांधला का नाही? मी सोडूनच दिलं असतं तर?

"तुम्ही सांगाले नाई आल्या ना," ती म्हणाली. "म्हनून नाई बांधला."

मी म्हटलं, आज सांगायला आले आहे. आज पाणी येतंय, चांगलं पाणी.  आम्ही सगळे पाटाकडे पाहत उभे राहिलो. बायकाही तोडायच्या थांबल्या. थोड्या वेळानं पाटातलं पाणी जरा चढलं, त्याला ओढ आली. पार्वताबाई खाली वाकली, ओंजळीत घेऊन वास घेतला, सोडून दिलं. मग ढिगातला एक हिरवा शिंगाडा उचलला, त्या पाण्यात चोळून चोळून धुतला, आणि माझ्या हातावर ठेवला.

मी तो सोलला आणि खाल्ला. मग तिनं दुसरा उचलला, त्याच पाण्यात धुतला, आणि स्वतः खाल्ला.